स्वस्त गाडीचा विमा महाग का पडला? साताऱ्यातल्या चुलत भावंडांचं प्रकरण

साताऱ्यातलं एक एकत्र कुटुंब. थोरल्या भावाचा मुलगा २६ वर्षांचा, हिंजवडीत नोकरीला. धाकट्या भावाची मुलगी २३ वर्षांची, फिजिओथेरपिस्ट, कराडच्या एका रुग्णालयात नुकतीच लागलेली. दोघांकडे गाडी एकाच मॉडेलची, ११९७ सीसीची पेट्रोल हॅचबॅक. त्याने ती जून २०२३ मध्ये शोरूममधून नवी घेतली, पासिंग एमएच-१२. तिने जून २०२५ मध्ये ओळखीतून सेकंड हँड घेतली, २०२१ ची, एमएच-११. एकाच आठवड्यात दोघांचे विम्याचे आकडे घरात आले. त्याचं रिन्यूअल ९,५२९ रुपये, तिची पॉलिसी १५,२४९ रुपये.

त्याच्या गाडीची विम्यातली किंमत ६ लाख ४० हजार, तिची ४ लाख. स्वस्त गाडीला सहा हजारांच्या आसपास जास्त. मुलीचे वडील कागद घेऊन माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी सरळच विचारलं, "मुलगी आहे, लायसन्सला जेमतेम आठ महिने झालेत, म्हणून लावलेत का हे?" मुलगा फोनवर होता. त्याचं मत तयार होतं. "काका, तरुण ड्रायव्हरला जास्तच लावतात. नेटवर सगळीकडे तेच लिहिलंय. पण मग मलाही लावायला हवेत ना?"

शेवटचा प्रश्न रास्त होता. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते त्यासाठीच. नाव-गाव टाळून लिहायला कुटुंबाची हरकत नाही. डिस्काउंट आणि ॲड-ऑन म्हणजे वरून घेतलेल्या जादा कव्हरचे आकडे त्या दोन कोटेशनपुरते धरावेत, दुसऱ्या कंपनीत ते वेगळे निघतील.

वय नेमकं कुठे मोजतात

मुलगा नेटवर वाचत होता ते खरं आहे, पण ते ब्रिटन-अमेरिकेचं. ब्रिटनमध्ये विमा गाडीइतकाच चालवणाऱ्याच्या नावाला बांधलेला असतो. चालक कोण, त्याचं वय काय, लायसन्स कधीचं, गाडी रात्री कुठल्या पोस्टकोडमध्ये उभी राहते, यावर आकडा ठरतो. गाडीच्या मॉडेलची जोखीमही त्यात मोजली जाते. पूर्वी तिथे तरुण मुलींना मुलांपेक्षा कमी प्रीमियम पडायचा. युरोपीय न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर, २१ डिसेंबर २०१२ पासून, स्त्री-पुरुष हा फरक प्रीमियममध्ये करता येत नाही. नव्या मुलांनी गाडीत ब्लॅक बॉक्स बसवून घेतला तर वेग, ब्रेक, रात्रीचं ड्रायव्हिंग यांची नोंद होते आणि त्यावर प्रीमियम कमी-जास्त होऊ शकतो. आणि गाडी रोज मुलगा चालवत असताना मुख्य चालक म्हणून वडिलांचं नाव लावणं ही तिथे फसवणूक समजली जाते. शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेलेल्या आपल्या मुलांना पहिलं कोटेशन पाहून धक्का बसतो तो या सगळ्यामुळे.

आपल्याकडची घडण निराळी आहे. खासगी गाडीची पॉलिसी निघते आरसीवरच्या मालकाच्या नावाने, आणि चालक म्हणून त्यात लिहिलेलं असतं: वैध लायसन्स असलेली, मालकाच्या परवानगीने चालवणारी कोणतीही व्यक्ती. म्हणजे घरातल्या पाच जणांनी गाडी चालवली तरी पाच नावं द्यावी लागत नाहीत. काही कंपन्या मालकाची जन्मतारीख किंवा व्यवसाय विचारतात आणि डिस्काउंट थोडं इकडेतिकडे करतात, पण वय हा आपल्याकडे प्रीमियमचा मुख्य खांब नाही. मुलगी म्हणून जास्त, असा तर कुठेच रकाना नाही.

वय आणि लायसन्स आपल्याकडे खरे आडवे येतात ते क्लेमच्या वेळी. अठरा पूर्ण नसलेल्या मुलाच्या हाती गाडी दिली आणि अपघात झाला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, शिवाय गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. गाडीच्या नुकसानीचा क्लेम अशा वेळी मिळत नाही, हे वेगळं सांगायला नको.

दोन कागद शेजारी ठेवले

कोटेशनचा आकडा पाहताना बहुतेक जण शेवटची ओळ पाहतात. मी दोघांचे कागद शेजारी ठेवून वरून खाली एकेक ओळ वाचायला लावली.

आधी ओन डॅमेज, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग. याचे सरकारी दर १ जानेवारी २००७ पासून सुटले आणि कंपन्यांना मोकळीक मिळाली. तरी हिशेब अजून २००२ च्या टॅरिफपासून, म्हणजे त्या जुन्या दरपत्रकापासून, सुरू करून "टॅरिफवर इतके टक्के डिस्काउंट" असा सांगितला जातो. टॅरिफमध्ये गाडीची विम्यातली किंमत (आयडीव्ही), इंजिनाची सीसी, गाडीचं वय आणि नोंदणीचं ठिकाण एवढंच येतं. पुणे झोन ए मध्ये, मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबादसोबत. सातारा झोन बी मध्ये. पाच वर्षांच्या आतल्या, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला झोन ए मध्ये दर ३.२८३ टक्के आणि झोन बी मध्ये ३.१९१ टक्के.

गाडीचं पासिंग पुण्याचं की साताऱ्याचं, यावर गावाकडे फार चर्चा होते. मुलीच्या ४ लाखांच्या गाडीला पुण्याचं पासिंग असतं तर टॅरिफमध्ये ३६८ रुपये वाढले असते आणि डिस्काउंटनंतर १८४. एवढ्यासाठी पासिंग कुठलं घ्यावं याचा विचार करू नये.

मुलाची गाडी: मूळ किंमत ८ लाख, दोन वर्षांची म्हणून २० टक्के घसारा, आयडीव्ही ६ लाख ४० हजार. टॅरिफने २१,०११. कंपनीने ६५ टक्के डिस्काउंट दिलं, राहिले ७,३५४. दोन वर्षांत क्लेम नाही म्हणून २५ टक्के नो क्लेम बोनस, राहिले ५,५१५. झिरो डेपचे (क्लेममध्ये सुट्या भागांचा घसारा न कापण्याचं ॲड-ऑन) २,५६०. बेरीज ८,०७५, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ९,५२९.

मुलीची गाडी: चार वर्षं पूर्ण होऊन काही दिवस वर, म्हणून घसारा ५० टक्के आणि आयडीव्ही ४ लाख. चार वर्षांच्या आत पॉलिसी सुरू झाली असती तर घसारा ४० टक्केच धरला असता. टॅरिफने १२,७६४. डिस्काउंट ५० टक्के, राहिले ६,३८२. बोनस शून्य. झिरो डेप २,८००. मग मुलाच्या कागदावर नसलेल्या दोन ओळी: थर्ड पार्टी ३,४१६ आणि मालक-चालकाचा अपघात विमा ३२५. बेरीज १२,९२३, जीएसटी धरून १५,२४९.

"थर्ड पार्टी दादाला नाही का?" मुलीने विचारलं. तिने बरोबर तिथेच बोट ठेवलं होतं.

थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ ने ती सक्तीची आहे. तिचे दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं, आणि ते सगळ्यांना सारखे. या प्रकरणाच्या वेळी लागू असलेले दर १ जून २०२२ पासूनचे होते: १००० सीसीपर्यंत २,०९४, १००० ते १५०० सीसी ३,४१६, त्यावर ७,८९७. इथे ना वय, ना गाव, ना डिस्काउंट. पण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांची घ्यावी लागते. मुलाने ती जून २०२३ मध्ये शोरूममध्येच भरली होती, १०,६४० रुपये अधिक जीएसटी. ऑन-रोड किमतीच्या लांबलचक यादीत ती गेली आणि कुणाच्या लक्षात राहिली नाही. मालक-चालकाचा अपघात विमाही त्याने तेव्हाच तीन वर्षांचा घेतला होता.

म्हणजे ९,५२९ हा त्याचा वर्षाचा खरा खर्च नव्हताच. १०,६४० चा एक तृतीयांश ३,५४७, जीएसटी धरून ४,१८५. तो मिळवला की त्याचा आकडा १३,७१४ होतो. मुलीचा १५,२४९. सहा हजारांचा फरक पंधराशेवर आला. वडील दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे त्याने आधी भरलेत, हिला आत्ता भरायचेत." तेच.

उरलेला फरक कशाचा

पंधराशेचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण तिची गाडी सव्वादोन लाखांहून जास्त स्वस्त आहे. त्यामुळे तिचा आकडा खाली यायला हवा होता. तो का आला नाही, याची दोन कारणं.

पहिलं, डिस्काउंट. त्याला ६५, तिला ५० टक्के. गाडी जुनी हे एक, पण मोठं कारण खंड पडला हे. आधीच्या मालकाची पॉलिसी जूनच्या पहिल्या आठवड्यात संपली. आरसीवर नाव चढायचं राहिलं होतं, आणि "नाव झालं की विमा काढू" असं मुलीने आणि त्या मालकाने तोंडी ठरवलं. पॉलिसी संपली की कंपनी सहसा गाडी पाहिल्याशिवाय ओन डॅमेज देत नाही. मुलीने अंगणात मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवला: चारही बाजू, काच, ओडोमीटर, चॅसिस नंबर, बॉनेट उघडून इंजिन. डाव्या मागच्या दरवाजावर जुना पोचा होता, तो नोंदवला गेला. त्या दरवाजाच्या त्या पोच्याचा खर्च पुढे कधी मागता येणार नाही. या दिवसांत गाडी अंगणाबाहेर काढू नको, असं मी तिला बजावलं होतं. विम्याशिवाय रस्त्यावर सापडली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि त्या काळात कुणाला धडक बसली तर भरपाई खिशातून. लाखांत जाते ती.

दुसरं कारण नो क्लेम बोनस, आणि तरुणांच्या बाबतीत माझ्या मते सगळ्यात मोठं हेच. बोनसची शिडी ठरलेली आहे. क्लेमशिवाय पहिलं वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. एक क्लेम घेतला की शिडीच्या तळाशी. नव्या माणसाकडे ही शिडीच नसते. तिचे काका-वडील ५० टक्क्यांवर आहेत ते वय जास्त म्हणून नाही, तर सलग पाच वर्षं त्यांच्या नावावर गाडी होती आणि क्लेम नव्हता म्हणून. तरुणांना विमा महाग पडतो असं आपल्याकडे वाटतं, त्यामागे बहुतेक वेळा हा कोरा इतिहास असतो.

इथे मुलाने फोनवर एक स्क्रीनशॉट पाठवला. एका वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकल्यावर त्याच कव्हरची किंमत ११,८६० दाखवत होती. ३,३८९ रुपये कमी. वडिलांचा चेहरा उजळला. मी स्क्रीनशॉट मोठा करून दाखवला: "एनसीबी ४५%", म्हणजे नो क्लेम बोनस. आधीच्या मालकाने चार वर्षांत क्लेम घेतला नव्हता. नंबर टाकताच त्याचा बोनस आपोआप भरला गेला होता, आणि खालच्या "मालक बदलला आहे का" या प्रश्नाला "नाही" हे उत्तर आधीच निवडलेलं होतं.

बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी विकली की विकणारा आपला बोनस घेऊन जातो आणि तीन वर्षांच्या आत आपल्या दुसऱ्या गाडीला लावू शकतो. खरेदी करणाऱ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते. कंपनी हा बोनस आधीच्या कंपनीकडून पडताळून घेते. चुकीचं लिहून दिलेलं निघालं तर ओन डॅमेजचा फायदाच जप्त होऊ शकतो. साडेतीन हजारांसाठी चार लाखांची गाडी उघड्यावर टाकायची. हे मी फार कळकळीने सांगतो, कारण सेकंड हँड गाडी घेणारी बहुतेक मुलं पहिला विमा मोबाइलवरच काढतात, आणि आपण काही खोटं लिहितोय हे त्यांच्या ध्यानीमनीही नसतं.

गाडी कुणाच्या नावावर?

मग वडिलांनी आपली युक्ती काढली. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी स्वतःची जुनी गाडी विकली होती. ५० टक्के बोनसचं पत्र त्यांच्याकडे होतं. "आरसी माझ्याच नावावर करू. माझा बोनस लागेल, गाडी ही चालवेल." ब्रिटनमध्ये असं केलं तर फसवणूक ठरली असती. आपल्याकडे यात बेकायदा काही नाही, आरसी खरोखर त्यांच्या नावावर असली म्हणजे झालं. पहिल्या वर्षी ३,७६५ रुपये वाचले असते.

मी तरीही नको म्हणालो.

मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा हा फक्त मालकासाठी असतो, तोही तो लायसन्सधारक असेल तर. गाडी वडिलांच्या नावावर आणि सातारा-कराड रोज शंभरेक किलोमीटर हायवेवर चालवणार मुलगी. तिच्याच हातून गाडी दुभाजकावर गेली तर त्या १५ लाखांतलं तिला किंवा घरच्यांना काही मिळणार नाही. वेगळी अपघात पॉलिसी काढता येते, पण "काढू" म्हणून राहून गेलेल्या मी जास्त पाहिल्या आहेत. ३२५ रुपयांत जे मिळतंय ते ज्याने गाडी हाकायची त्याच्याच नावावर असावं. शिवाय मुलीची शिडी सुरूच होणार नाही. पाच वर्षं नीट गाडी चालवूनही तिच्या नावावर बोनस शून्यच राहील, कारण वडील हयात असताना त्यांचा बोनस तिच्याकडे वळत नाही. तो वारसालाच जातो. आणि अपघातात तिसऱ्या माणसाचं नुकसान झालं तर न्यायाधिकरणाची नोटीस मालकाला, म्हणजे वडिलांना.

तरीही वडिलांचं मन पैशावरच अडलं होतं, म्हणून पैशाचाच हिशेब केला. दसऱ्याला ते स्वतः नवी गाडी घेणार होते, साधारण तशीच, ८ लाखांची. त्यांचं बोनसचं पत्र एका वेळी एकाच गाडीला लागतं. नव्या गाडीला पहिल्या सहा महिन्यांत घसारा ५ टक्केच, म्हणून आयडीव्ही ७ लाख ६० हजार. टॅरिफने २४,२५२, तेच ६५ टक्के डिस्काउंट धरलं तर ८,४८८. त्यावर ५० टक्के बोनस म्हणजे ४,२४४, जीएसटीसकट ५,००८ रुपये वाचतात. मुलीच्या गाडीला लावून ३,७६५. तेवढ्यावर पत्र परत घडी घालून पिशवीत गेलं.

काय ठरलं

आरसी मुलीच्या नावावर, विमा मुलीच्या नावावर, बोनस शून्य असा स्वच्छ लिहून. झिरो डेप ठेवलं. त्याशिवाय प्लास्टिक आणि रबराच्या भागांना निम्मी किंमत कापून क्लेम मिळतो, आणि आजच्या गाडीचा पुढचा-मागचा बंपर प्लास्टिकचाच असतो. मोबाइलवरून इतर कंपन्यांचे दर मागवले, यावेळी मालक बदलल्याचं "हो" असं नोंदवून. कुठे दोन-तीनशे खाली, कुठे वर. शेवटी मूळ कोटेशनच घेतलं, कारण ती कंपनी कराडच्या ज्या गॅरेजला गाडी जाणार तिथे कॅशलेस देत होती.

जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने किलोमीटरवर प्रीमियम देण्याच्या ॲड-ऑनला परवानगी दिली. मुलीने त्याबद्दल विचारलं. रोजचे शंभर किलोमीटर धरता तिला ते उपयोगाचं नाही. तिच्या दादाला मात्र आहे. तो कंपनीच्या बसने जातो, गाडी शनिवार-रविवारी निघते. त्याने पुढच्या रिन्यूअलला ते बघायचं ठरवलं.

त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्याचा कमी आकडा काही आपसूक आला नव्हता. गेल्या वर्षी सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याचा मागचा बंपर खांबाला घासला. खर्च ४,५०० रुपये. झिरो डेप होतं, क्लेम केला असता तर सक्तीचे १,००० वजा जाऊन ३,५०० मिळाले असते. मित्रांनी आग्रहही केला, विमा कशाला भरतोस मग म्हणून. त्याने मला फोन केला आणि आम्ही गणित केलं. क्लेम केला असता तर यंदाचा २५ टक्के बोनस जाऊन २,१६९ रुपये जास्त. पुढच्या वर्षी ३५ ऐवजी २०, म्हणजे १,१३९ जास्त. त्याच्या पुढच्या वर्षी ४५ ऐवजी २५, म्हणजे १,३०२. तीन वर्षांत ४,६१०. ३,५०० मिळवायला ४,६१० घालवायचे. त्याने खिशातून भरले. चाळीस-पन्नास हजारांचा खर्च असता तर मीच क्लेम करायला लावला असता, विमा त्यासाठीच असतो.

जून २०२६ मध्ये दोघांचीही रिन्यूअल पुन्हा एकाच महिन्यात येतील. मुलीला क्लेम नसला तर पहिले २० टक्के मिळतील. मात्र तिची गाडी पाच वर्षांपुढे गेलेली असेल, तेव्हा आयडीव्ही ठरलेल्या घसाऱ्याने न निघता कंपनीशी बोलून ठरेल, टॅरिफचा दर ३.३५१ टक्के होईल, आणि झिरो डेप मिळतंय का हे आधी विचारावं लागेल. मुलाची तीन वर्षांची थर्ड पार्टी आणि अपघात विमा दोन्ही त्याच महिन्यात संपतात. त्याच्या कागदावर त्या दोन ओळी पहिल्यांदाच उमटतील. बोनस ३५ टक्क्यांवर जाऊनही त्याचा आकडा वाढलेला असेल. फोन ठेवण्याआधी हे त्याला सांगितलं, आणि रिन्यूअलची तारीख उलटायच्या तीन आठवडे आधी दोघांनी कागद पाठवायचे असं ठरलं.